चष्म्याचा डावा स्क्रू

३ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरबाई म्हणाल्या, दिवसभरात चेहऱ्याला काय काय लागतं ते रोज लिहून ठेवा. साबण, क्रीम, पावडर, उशीचा अभ्रा, सगळं. म्हणून ही वही. यातलं कामाचं तेवढं त्यांना वाचून दाखवीन. बाकीचं माझं.

तर आज: साबण नेहमीचा. पावडर बंदच आहे. मलम सकाळी लावलं, संध्याकाळी नाही, कारण मधल्या वेळात त्यांनी ते बंद करायला सांगितलं.

सुरुवात कशी झाली तेही लिहायचं आहे. गेल्या महिन्यात मैदानावर चेंडू लागला आणि चष्म्याची गादी नाकात रुतून खरचटलं. घरात जखमेच्या मलमाची ट्यूब होती, ती लावली. खपली धरली, पडली, आणि जखम बरी झाल्यावर तिथेच खाज सुटली. खाज सुटली म्हणून आणखी मलम लावलं. आता नाकाच्या दोन्ही बाजू, पापण्या आणि कानांमागची खाच लालभडक झाली आहे, वरून खवले.

"कधी कधी औषधच बाधतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "माणसाला वाटतं रोग वाढला, म्हणून तो औषध वाढवतो." म्हणजे मी महिनाभर आगीत तेल ओतत होते आणि आग विझत नाही म्हणून रडत होते.

कानांमागे मात्र मी मलम कधी लावलंच नव्हतं. तिथे कसं उठलं, हे त्यांनाही नीट सांगता आलं नाही. फ्रेमचा धातू असेल, म्हणाल्या. प्लास्टिकची करून बघा.

५ फेब्रुवारी, बुधवार

माझ्या वर्गातल्या मुलांना ऐकू येत नाही. आमच्या शाळेत तोंडाने घ्यायच्या नावांचा फारसा उपयोग नसतो. मुलं प्रत्येकाची एक खूण ठरवतात आणि तेच त्या माणसाचं नाव होऊन बसतं. मुख्याध्यापक म्हणजे पोटावरून गोल फिरवलेला हात. चित्रकलेच्या बाई म्हणजे कानाच्या पाळीखाली हलणारं बोट, त्यांच्या लोंबत्या डुलांमुळे. मी इतकी वर्षं बोटांचं कडं करून डोळ्याला लावलं की व्हायचे. चष्मा.

आज दोन मुली माझ्याबद्दल काहीतरी बोलताना नाक चोळत होत्या. माझं नाव बदललं.

हसू आलं, मग थोड्या वेळाने गेलं. ओठ वाचायचे तर मुलं माझ्या चेहऱ्याकडे बघणारच, दुसरीकडे कुठे बघतील? आज दिवसभर मी फळ्याकडे तोंड करून शिकवावं की काय असं वाटत होतं. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठा गुन्हा नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

मलम बंद केल्यावर पापण्या थोड्या उतरल्या. नाक आणि कान तसेच.

नवी फ्रेम आली. काळी, जाड. नवरा म्हणाला, "आता तुझ्याकडे रजा मागायची भीती वाटेल." जुन्या चष्म्याचा डावा स्क्रू सारखा ढिला व्हायचा, दर पंधरा दिवसांनी दुकानात पळावं लागायचं. खरं तर गेल्या काही महिन्यांत तोही त्रास नव्हता. काचासुद्धा हल्ली लखलखीत असतात. दुकानदाराने काचांवर मुलामा चांगला दिला असणार.

बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, नवी फ्रेम हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली, बिजागऱ्या उघडून मिटून पाहिल्या आणि परत दिली. शब्द नाही. जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला, त्यांचं यंत्रांशी जमतं. सासूबाई गेल्यावर, गेल्या उन्हाळ्यात, ते आमच्याकडे राहायला आले. माझ्याशी त्यांची शंभर वाक्यं तरी झाली असतील का, शंका आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

साबण बदलला. शाम्पू बदलला. उशीचा अभ्रा रोज धुते. फरक शून्य.

बाबांबद्दल लिहायचं नव्हतं, पण वही माझी आहे. आज स्वयंपाकघरातून त्यांना विचारलं, "बाबा, भाजी तिखट झाली होती का काल?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. पेपराचं पान उलटलं गेलं. मी बाहेर येऊन समोर उभी राहिले तर वर बघून छानसं हसले. हे हसणं मला जास्त लागतं.

आणि ह्याच्याशी बोलतात हो. ह्याचा आवाज मुळात गिरणीच्या भोंग्यासारखा, आणि बाप दिसला की हा आणखी चढतो. दोघांचं बरं चालतं. टीव्ही खालच्या मजल्यावर ऐकू जाईल इतका मोठा लावतात. मी आवाज कमी केला की थोडा वेळ बसतात आणि उठून खोलीत जातात. एवढा कसला राग?

मला पहिल्या आठवड्यातलं चहाचं प्रकरण आठवतं. मी आतून विचारलं, "बाबा, चहा टाकू का?" ते म्हणाले, "टाकून दे. किती दिवस ठेवायचं ते?" मी गॅससमोर भांडं हातात घेऊन तशीच उभी. सासूबाईंच्या हातच्या चहाची सवय, मान्य आहे. पण टाकून दे? तेव्हापासून विचारत नाही. कप नेऊन ठेवते आणि निघून येते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शाळेतून लवकर आले. बाबा बाल्कनीत बसले होते, मनगटावरचं घड्याळ काढून दातांत धरलेलं, डोळे मिटलेले. बाळं खेळणी धरतात तसं. मला पाहिलं आणि चटकन खिशात घातलं. वयाने माणूस असा होतो का? रात्री जेवताना ह्याला सांगितलं तर म्हणाला, "जुनी सवय असेल. कारागीर लोक विक्षिप्तच असतात."

या उन्हात लोकरी टोपी कानांवर ओढून बसतात. काढा म्हटलं तर ऐकत नाहीत. डाव्या कानात कापसाचा बोळा. माझं बोलणं कानावर पडू नये म्हणून कापूस घालणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

१ मार्च, शनिवार

आठवडाभर प्रशिक्षणासाठी बाहेरगावी होते, आज परतले. वही न्यायची राहिली, पण लिहायला काही नव्हतंच. तिथल्या वसतिगृहातला साबण कपडे धुवायच्या लायकीचा, पाणी जड, उशी कुणाची कोण जाणे. आणि माझा चेहरा स्वच्छ! नाक स्वच्छ, कानांमागे नुसती फिकट रेघ. आरशात बघून ओळख पटायला वेळ लागला.

चित्रकलेच्या बाई माझ्याच खोलीत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, मनातलं अंगावर उठतं. तिथे कोण नव्हतं सांग." मी म्हटलं, नवरा. "नवरा सोड. तो काय आज आलाय का?"

मला टोपी ओढून बसलेले बाबा आठवले.

६ मार्च, गुरुवार

परत आलं. जसंच्या तसं, उलट जास्तच. सकाळी पापणी उघडेना. घरात पाऊल टाकून आठवडा नाही झाला.

आता मला आणखी काय पुरावा पाहिजे? डॉक्टरबाईंना फोन केला. मन वगैरे त्यांना पटलं नाही. "तुमच्या घरात काहीतरी आहे," म्हणाल्या. "आधी ते शोधू." सोमवारी पाठीवर चाचणीच्या पट्ट्या लावायला बोलावलं आहे.

घरात काय आहे ते मला ठाऊक आहे.

१० मार्च, सोमवार

पट्ट्या लावल्या. पाठीवर चौकटी आखून प्रत्येक चौकटीत एकेक पदार्थ चिकटवला आहे: धातू, रबर, सुगंध, औषधं. पाठ भिजवायची नाही, खाजवायची नाही. मुलांना दाखवलं तर त्यांना मी एकदम आवडू लागले. एकीने विचारलं, यावर फुली-गोळा खेळता येईल का?

संध्याकाळी ह्याच्याशी बोलले. बाबांना ताईकडे पाठवू या. ताई म्हणजे माझी नणंद. तिचं घर मोठं आहे, तिलाही ते हवे आहेत. हा म्हणाला, "तुला त्यांचा त्रास होतो?"

"मला त्यांचा काहीच होत नाही. तोच त्रास आहे. मी या घरात नसल्यासारखे वागतात."

"बाबा तसे नाहीत गं."

"तुझ्याशी नाहीत."

ह्याने माझ्या नाकाकडे पाहिलं आणि वाद घातला नाही. जिंकले. बरं वाटलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

निकाल. धातू निर्दोष, रबर निर्दोष, सुगंध निर्दोष. एकच चौकट पेटली आहे, हाताला फोड लागतात. जखमेच्या मलमात घालतात त्यातलं एक अँटिबायोटिक. म्हणजे त्या ट्यूबने अंगाला एकदा ओळख करून दिली आणि आता त्याचा अंश लागला तरी कातडी भडकते.

"पण मलम तर केव्हाच टाकून दिलं," मी म्हटलं.

"ते फक्त मलमात नसतं. डोळ्यांच्या, कानांच्या काही थेंबांतही असतं. घरात कोणी वापरतं का? दुसऱ्याच्या हातावरूनही येऊ शकतं."

घरात कोणी काही वापरत नाही. हा डोकेदुखीची गोळीसुद्धा घेत नाही. बाबा औषधाचं कधी बोलत नाहीत. मी तसं सांगितलं.

धातूचा दोष नाही म्हटल्यावर जुना चष्मा पुन्हा घातला. काळ्याने नाक दुखायचं.

१६ मार्च, रविवार

ह्याने बाबांना ताईबद्दल सांगितलं. मी दाराआड होते. भोंग्याच्या आवाजात सांगत होता, त्यामुळे दाराआड असण्याची गरज नव्हती.

बाबा म्हणाले, "बरं." थोड्या वेळाने म्हणाले, "तिचा चेहरा बरा होणार असेल तर आजच जातो." मग विचारलं, "नवा चष्मा का टाकला तिने? तो बरा होता. याची डावी बाजू लंगडी आहे."

माझा चष्मा कोणता हे त्यांना माहीत आहे याचं नवल वाटलं. ताई तीस तारखेला न्यायला येणार. बाबांनी आजच हत्यारांची पेटी पुसून ठेवली.

आज चेहरा फार वाईट. सगळं ठरल्यावर तरी उतरायला हवा होता.

२२ मार्च, शनिवार

हे नीट लिहायला हवं.

सकाळी आंघोळीला गेले. नेहमीप्रमाणे चष्मा बाहेरच्या फळीवर. टॉवेल विसरला म्हणून अंगातल्या कपड्यांनिशीच दार उघडून बाहेर आले. चष्म्याशिवाय मला जवळचं धूसर दिसतं, लांबचं नाही. बाल्कनीत बाबा पाठमोरे उभे. टोपी काढलेली. मान तिरकी करून डाव्या कानात बाटलीतून थेंब घालत होते. कानाची पाळी माझ्या नाकासारखी, लाल, सुजलेली, ओली. थेंब ओघळला, तो त्यांनी खिशातल्या चामड्याच्या तुकड्याने टिपला. घड्याळाच्या काचा पुसायचा तो मऊ तुकडा, मी शंभरदा पाहिलेला. मग त्याच तुकड्याने माझा चष्मा पुसायला लागले.

काचांवर फुंकर घालून एकेक काच, मग नाकाच्या गाद्या, मग कानांवरच्या दांड्या शेवटपर्यंत. खिशातून बारीक पेचकस काढला, डावा स्क्रू अर्धा फेरा आवळला. चष्मा उजेडाकडे धरून पाहिला, पुन्हा पुसला.

मी म्हटलं, "बाबा."

मागे वळले नाहीत.

"बाबा."

मी त्यांच्यापासून चार पावलांवर होते. ते चष्म्यातून आकाश बघत होते. आणि मी, जी गेली कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या आयांना सांगते आहे की मूल हट्टी नसतं, बाई, त्याला ऐकू येत नसतं, त्याच्यासमोर या, तोंडावर उजेड घ्या आणि मग बोला, ती मी टॉवेल न घेता दारात उभी होते.

तिसऱ्यांदा हाक मारली नाही. वर्गात करते ते केलं. जमिनीवर पाय आपटला.

ते दचकून वळले. चोरी पकडल्यासारखा चष्मा खाली ठेवला. "जरा डाग होता," म्हणाले.

मी जवळ गेले, उजेडात उभी राहिले आणि सावकाश विचारलं, "कधीपासून?"

"तू रोज आंघोळीला गेलीस की. तू एका हाताने ओढून काढतेस चष्मा, म्हणून डावा स्क्रू ढिला होतो." मग थोडे घुटमळले. "तुझं नाक असं झाल्यावर दोनदा पुसायला लागलो. म्हटलं, मळाने होत असेल."

"चष्मा नाही, बाबा. कान."

त्यांनी टोपी शोधली. सापडली तरी घातली नाही.

"तुझी सासू असतानाच कमी आलं होतं. ती उत्तरं द्यायची माझ्या वतीने. लोकांना पत्ता लागला नाही." पेचकस पेटीत ठेवून ते पुढे म्हणाले, "घड्याळजी घड्याळ कानाला लावतो, तेव्हा गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो. कानच नाही म्हटल्यावर उरलं काय? मी दाताला लावून बघतो. दाताला अजून टिकटिक कळते."

दाताला. जबड्याच्या हाडातून आवाज जातो, हे मी दर वर्षी पहिल्या आठवड्यात मुलांना फुगा गालाला लावून शिकवते.

"मला का नाही सांगितलं? माझं कामच ते आहे ना?"

"म्हणून तर," बाबा म्हणाले. "दिवसभर तेच करून घरी येतेस. घरात आणखी एक विद्यार्थी कशाला?"

२३ मार्च, रविवार

थेंबाच्या बाटलीवरचं नाव डॉक्टरबाईंना फोनवर वाचून दाखवलं. तेच औषध. जुन्या चिठ्ठीवर दुकानातून परत परत आणत होते. कान खाजतो म्हणून थेंब, थेंबाने कान सुजतो, सुजला म्हणून आणखी थेंब. "सासरे-सून दोघांनी एकच चूक केली की," डॉक्टरबाई म्हणाल्या. थेंब बंद. चामड्याचा तुकडा फेकायचा. तुकडा टाकताना बाबांचा चेहरा बघवत नव्हता, तो त्यांच्या दुकानाच्या पहिल्या दिवसापासूनचा होता म्हणे.

बाबांसमोर बसून चहाचं विचारलं. तुम्ही टाकून दे का म्हणालात? त्यांना आठवेना. मग म्हणाले, "कोपऱ्यात जुन्या पेपरांचं बाड साठलं होतं. ते टाकू का, असं विचारलंस ना?"

मी इतकी हसले की नवरा बाहेर आला. बाबाही हसले. काय झालं ते त्यांना कळलं नव्हतं, पण हसले. आता हे हसू मला ओळखता येतं. म्हणून पुन्हा सगळं, सावकाश, पहिल्यापासून सांगितलं. मग ते खरे हसले, आणि नंतर बराच वेळ कपाकडे बघत बसले. "म्हणून तू बोलेनाशी झालीस," म्हणाले.

एका घरात राहून आम्ही दोघंही हेच समजत होतो, की समोरच्याने बोलणं टाकलंय.

२७ मार्च, गुरुवार

बाबांना शाळेत नेलं, आमच्या तपासणीच्या खोलीत. दोन्ही कान बरेच गेले आहेत, डाव्याची सूज उतरली की थोडं परत येईल, बाकीसाठी यंत्र लागेल. ते ऐकून बाबांनी एकच विचारलं, "उघडून बघता येतं का ते?"

मधल्या सुट्टीत मुलांनी त्यांना घेरलं. वर्गातलं भिंतीवरचं घड्याळ बंद होतं, ते त्यांनी उतरवून उघडलं, काहीतरी केलं आणि चालू झालं का ते बघायला कडा दाताला लावली. मुलं खिदळली. मग एकीने करून पाहिलं, मग सगळ्यांनी रांग लावली. घरी निघेपर्यंत त्यांचं नाव पडलं होतं: मनगट दातांपाशी. मला नाव मिळायला पहिलं सबंध वर्ष लागलं होतं.

३० मार्च, रविवार

ताई आली. तिला हे सगळं फोनवर सांगता आलं नव्हतं, किंवा मी सांगितलं नव्हतं. बाबांची पिशवी दारात भरलेली. ताई म्हणाली, "चला बाबा, माझ्याकडे. इथे हिला त्रास होतो ना?" बोलताना ती चपला काढत होती, खाली बघून. बाबांना काही कळलं नाही. ते माझ्याकडे बघायला लागले.

मी त्यांच्यासमोर आले. एवढंच म्हणायचं होतं, की तुम्ही इथे राहाल का? ते हातांनीच विचारलं, वर्गात विचारते तसं: तुम्ही, इथे, राहणं. त्यांना खुणा येत नाहीत अजून. तरी त्यांनी पिशवी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

ताई आठ दिवस राहायचं म्हणते. तिचा आवाज ह्याच्याहून मोठा आहे.

७ एप्रिल, सोमवार

साबण नेहमीचा. पावडर लावली. नाक, पापण्या, कानांमागे: काही नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता लिहायची गरज नाही.

मुलांनी माझं नाव मात्र बदललेलं नाही, अजून नाकच चोळतात. चालेल.

चष्मा आता मी स्वतः धुते, साबणाच्या पाण्याने. बाबांनी हात लावायचा नाही असं त्यांनीच ठरवलंय, थेंब बंद होऊन किती दिवस झाले तरी. कितीदा सांगितलं की आता धोका नाही, नवा कपडा आणलाय, ऐकत नाहीत. मुद्दाम की कानामुळे, कळायला मार्ग नाही.

डावा स्क्रू पुन्हा ढिला झाला आहे. आज फळा पुसताना चष्मा एका बाजूने लोंबकळला. मला आवळता येतो, पेचकसही समोरच असतो. राहून जातं.

सकाळी आंघोळीला जाताना फळीवर ठेवते. खाली नवा कपडा.